डोंगराकडून शिकायचे कसे? माहूरची चढण आणि अवधूताची रीत

हिमायतनगर, किनवट, हदगाव, भोकर या भागात असे घर विरळाच, की ज्यातून वर्षाकाठी कोणी माहूरला जात नाही. कोणी नवस फेडायला जाते, कोणी नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला, कोणी मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला, कोणी श्रावण पौर्णिमेच्या परिक्रमेला. डोंगर सगळ्यांचाच घाम काढतो. त्या घामाचे पुढे काय होते, हा मात्र ज्याचा त्याचा प्रश्न राहतो. एखाद्याच्या हाती दुखरे पाय आणि मोबाइलमधले फोटो एवढेच उरते. एखाद्याच्या वागण्यातला फरक मात्र घरच्यांच्याही लक्षात येतो. राग पूर्वीइतका पटकन येत नाही, बोलण्यात धीर येतो, अडचण आली की लगेच हाय खाल्ली जात नाही.

दोघांनी चढलेला डोंगर एकच. फरक पडला तो शिकण्याच्या रीतीमुळे. ही रीत उपजत नसते, ती कोणालाही अंगी बाणवता येते. पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीला गुरू मानून शिकणारे दत्तात्रेय ज्या डोंगरावर निद्रेला येतात अशी श्रद्धा आहे, तो माहूरचा डोंगर तर आपल्या दाराशीच आहे. म्हणून चढणीच्या प्रत्येक टप्प्यावर नेमके काय करायचे आणि त्यातून काय घ्यायचे, ते क्रमाने पाहू.

माहूर का?

माहूरला तीन शिखरे आहेत: रेणुकामातेचे, दत्तात्रेयांचे आणि अनसूयामातेचे. रेणुकामातेचे स्थान महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ मानले जाते. महानुभाव पंथालाही ही भूमी तितकीच पवित्र आहे. दत्तात्रेय प्रभू हे त्यांच्या पंचकृष्णांपैकी एक, आणि त्यांच्या साती ग्रंथांतला रवळोव्यासांचा ‘सह्याद्रिवर्णन’ दत्तात्रेय प्रभूंचीच महती गातो. अंबाजोगाईचे दासोपंत दत्तोपासनेसाठी माहूरला येऊन राहिले होते. मातृतीर्थ, देवदेवेश्वर, पांडवलेणी, सोनापीरचा दर्गा, शेख फरीदचा वझरा ही सगळी ठिकाणे याच परिसरात आहेत. वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसे इथे एकाच डोंगरावर भेटतात.

वाहनाचा रस्ता आता मंदिरांच्या पायऱ्यांपर्यंत जातो. वयस्कर माणसांनी, गुडघेदुखी किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी तो रस्ता निःशंकपणे वापरावा. दर्शनाचे पुण्य त्याने कमी होत नाही. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी मात्र तिन्ही शिखरे पायी करून पाहावीत. सह्याद्रीतल्या बेलाग गडांशी या डोंगरांची तुलना होणार नाही; पण एक चढ संपवून उतरायचे आणि पुन्हा दुसऱ्या चढाला लागायचे, यात शरीराबरोबर मनाचाही कस लागतो. परिक्रमा याहून अवघड आहे. ओढे, दऱ्या, सागाचे जंगल, श्रावणातला चिखल आणि रात्रीची वाटचाल. पहिल्यांदाच जाणाऱ्याने आधी हिवाळ्यात तीन शिखरांची पायपीट करावी आणि मगच परिक्रमेचा विचार करावा.

अवधूताची रीत

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदु राजा आणि एक अवधूत यांचा संवाद येतो. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते. एकनाथांनी याच स्कंधावर ओवीबद्ध टीका लिहिली आणि १५७३ मध्ये ती काशीत पूर्ण केली, म्हणून हा संवाद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचला जातो. इतके निश्चिंत कसे राहता, असे राजा विचारतो. आपण चोवीस गुरू केले, असे अवधूत सांगतो. त्यांत पृथ्वी, वारा, पाणी, समुद्र आहेत. अजगर, मधमाशी, हत्ती, मासा आहेत. लहान मूल आहे, बाण घडवणारा कारागीर आहे आणि पिंगला नावाची वेश्याही आहे.

यातली रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. अवधूत एका गुरूकडून ठरावीक एखाददुसरी गोष्टच घेतो, ती नीट समजून घेतो आणि लगेच आचरणात आणतो. काही गुरूंकडून तो काय करू नये तेही शिकतो. ज्योतीवर झेपावणारा पतंग आणि गळाला लागणारा मासा यांनाही त्याने गुरूच मानले आहे. आपणही डोंगरावर एवढेच करायचे: एक गोष्ट पाहायची, एक गोष्ट घ्यायची आणि ती घरी वापरायची. पुढच्या बहुतेक टप्प्यांना या चोवीसांपैकी कोणी ना कोणी सोबत आहे.

निघण्यापूर्वी: मधमाशीचा धडा

मधमाशी फुलाफुलातून थोडे थोडे घेते, हा तिचा चांगला गुण. पण ती साठा करते आणि त्या साठ्यापायीच मारली जाते. पाठीवरची पिशवी भरताना हे दोन्ही आठवावे. दिवसभरासाठी माणशी किमान तीन लिटर पाणी, भाकरी किंवा धपाटे, शेंगदाणे-गूळ, जलसंजीवनीची दोन पाकिटे, रोजची औषधे, मलमपट्टी, बॅटरी, शिट्टी, टोपी, पावसाळा असेल तर रेनकोट. एवढे पुरते. बाकी जे “असू द्यावे, लागेल कदाचित” म्हणून भरतो, ते चढावर खांदे ओढू लागते. पिशवीतून तीन वस्तू बाहेर काढून ठेवा आणि मनावरही असे न लागणारे ओझे कोणते आहे, हे त्याच वेळी स्वतःला विचारा.

शरीराची तयारी किमान महिनाभर आधी सुरू करा. रोज सकाळी तास-पाऊण तास भरभर चाला आणि आठवड्यातून दोनदा एखाद्या इमारतीचा जिना चढा-उतरा. नवे बूट थेट डोंगरावर घालू नका. आठ-दहा दिवस गावात वापरून ते पायाला बसू द्या. रक्तदाब, मधुमेह, दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचे ऊन जीवघेणे असते, त्या दिवसांत दुपारची चढण टाळाच. हिमायतनगरहून रेल्वेने किनवटला आणि पुढे एसटीने माहूरला जाता येते. पहाटे चढायला सुरुवात करायची असेल तर आदल्या संध्याकाळीच माहूरला मुक्कामाला पोहोचा.

मनाची तयारी म्हणजे एक प्रश्न. ज्या गोष्टीने गेले काही महिने तुम्हाला पोखरले आहे, ती एका ओळीत कागदावर लिहा. भावाशी अबोला असेल, नापिकीनंतरचे कर्ज असेल, मुलाच्या परीक्षेची धास्ती असेल, नाहीतर जवळच्या माणसाचे जाणे. तो कागद खिशात ठेवा. उत्तर मिळालेच पाहिजे असा हट्ट नको. प्रश्न सोबत घेऊन चालायचे, एवढेच.

पहिला चढ: बाण घडवणारा आणि लहान मूल

बाण घडवणारा कारागीर कामात इतका रंगला होता, की वाजतगाजत जाणारी राजाची स्वारी त्याला कळलीही नाही. चढताना अशीच नजर पुढच्या पावलावर हवी. शिखर किती दूर आहे हे सारखे मान वर करून पाहिल्याने दम लवकर लागतो आणि पाऊलही चुकते. आधी पुढची दहा पावले, मग त्यापुढची दहा, असे चाला. चालता चालता एखादे वाक्य सलग बोलता आले पाहिजे. ते जमत नसेल तर वेग जास्त आहे, असे समजून कमी करा. नाम घेणाऱ्यांनी ते पावलाच्या लयीत घ्यावे. ज्यांना नाम घ्यायचे नसेल त्यांनी श्वास मोजावेत. मन एका जागी राहते आणि दमही टिकतो. कर्जाचा डोंगर असो की अभ्यासक्रमाचा, त्याच्याशीही असेच वागायचे आहे: आजच्या वाट्याचे आज.

थोड्याच वेळात मागून आलेली तरणी मुले तुम्हाला ओलांडून पुढे जातील. एखादी सत्तरीची आजीही अनवाणी पुढे निघून जाईल. तिथे मन खट्टू होते, नाहीतर ईर्षेने वेग वाढवते. अवधूताने लहान मुलाला गुरू केले, कारण त्याला मान-अपमानाची जाणीव नसते आणि ते आपल्याच आनंदात असते. ज्याने त्याने आपल्या दमाने चढावे. गटाने जात असाल तर सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि एका अनुभवी माणसाला सर्वांच्या शेवटी. मग कोणी मागे सुटत नाही. सगळ्यात दुबळ्याच्या चालीने चालणारे कुटुंबही असेच एकत्र राहते.

मधली वाट: कुमारीचे कंकण आणि अजगर

भात कांडताना हातातली कांकणे किणकिणतात, घरी आलेल्या पाहुण्यांना ती ऐकू जातील या संकोचाने एक कुमारी एकेक कांकण उतरवत जाते. दोन उरली तरी आवाज होतोच. एक उरते तेव्हा तो थांबतो. अवधूत यातून एकांत शिकला. तुमच्या वाटेतही अर्धा तास मौनाचा ठेवा. मोबाइल बंद, गाणी बंद, गप्पा बंद. एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहा, फक्त बोलू नका. पहिली काही मिनिटे मनात घरचा हिशेब चालू राहतो. मग सागाच्या वाळल्या पानांचा आवाज, पाखरे, स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागतो. खिशातल्या कागदावरचा प्रश्न नीट पाहायची वेळ हीच.

यानंतर थकव्याची खरी गाठ पडते. पोटऱ्या भरून येतात आणि चिडचिड होते. सोबतच्या माणसाने हळूच काही विचारले तरी राग येतो. हा राग त्याच्यावरचा नसतो, शरीराचा असतो. इथे थांबा, सावलीत बसा, पाणी प्या, गुळाचा खडा तोंडात टाका. दहा मिनिटांनी तोच माणूस पुन्हा भला वाटू लागतो. घरातली कित्येक भांडणे भुकेची आणि दमल्या जीवाची असतात, हे इथे स्वतःच्या अंगावरून कळते. अजगर मिळेल त्यात समाधान मानतो, न मिळाले तर पडून राहतो, असे अवधूत सांगतो. थांबणे हाही चालण्याचाच भाग आहे, हे आपण त्याच्याकडून घ्यावे.

आडवाटेचा मोहही याच टप्प्यावर होतो. इटलीचा कवी पेट्रार्क याने २६ एप्रिल १३३६ रोजी धाकट्या भावाबरोबर फ्रान्समधला व्हांतू पर्वत चढल्याचे पत्रात लिहिले आहे. भाऊ उभ्या चढाच्या वाटेने नीट वर गेला. पेट्रार्क सोपी वाट शोधत राहिला आणि प्रत्येक वेळी उतरणीलाच लागला, त्यामुळे दुप्पट दमला. मग एका दरीत बसून त्याच्या ध्यानात आले, की आपल्या आयुष्याचेही असेच होत आले आहे. माथ्यावर पोहोचल्यावर त्याने सोबत नेलेले संत ऑगस्टीनचे पुस्तक उघडले. माणसे पर्वत पाहून थक्क होतात आणि स्वतःकडे मात्र पाहत नाहीत, अशा अर्थाचा मजकूर समोर आला आणि तो खाली येईपर्यंत बोलला नाही. कष्ट चुकवण्यात जास्त कष्ट पडतात, हा धडा माहूरच्या वाटेवरही लागू आहे. जंगलात पायवाट सोडू नका. वाट चुकतेच, शिवाय साप, अस्वल आणि आग्या मोहोळाचाही धोका असतो.

माघार घेण्याचे धैर्य

अवघड डोंगराचा सर्वांत मोठा धडा कधी कधी शिखराच्या अलीकडेच मिळतो. त्यासाठी माहूरच्याच एका स्त्रीची आठवण ठेवावी. माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन मोगलांच्या बाजूने लढणारी शूर सरदार होती. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज घाट उतरून कोकणात निघाली असताना उंबरखिंडीच्या अरुंद, दाट जंगलात शिवाजी महाराजांनी त्या फौजेला कोंडले. पुढची वाट बंद, मागची बंद, पाणी नाही. रायबागन त्या फौजेत होती. परमानंदाच्या ‘शिवभारता’नुसार, तिनेच खानाला परिस्थिती उघडपणे सुनावली आणि शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो मानला आणि त्याची उरलेली माणसे जिवंत परतली. हट्ट सोडण्याला भ्याडपणा म्हणत नाहीत, हे रणांगण गाजवलेल्या बाईने सांगितले होते.

म्हणून माघारीचे नियम घरूनच ठरवून निघा, कारण वर गेल्यावर डोके तापलेले असते.

पहिला नियम वेळेचा: परतण्याची वेळ आधी ठरवा. ती झाली की शिखर समोर दिसत असले तरी मागे फिरा.

दुसरा पाण्याचा: गुडघ्याच्या वर वाहणारा किंवा गढूळ, वेगवान ओढा ओलांडू नका. पाऊस थांबल्यावर असे ओढे बहुधा काही तासांत उतरतात.

तिसरा विजेचा: ढग गडगडू लागले की माथा आणि एकटे झाड सोडून खालच्या बाजूला या. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची सूचना देते; ते आधीच मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.

चौथा शरीराचा: छातीत दुखणे, गरगरणे, घाम थांबून अंग तापणे यांपैकी काहीही झाले तर चढण तिथेच संपली. सावलीत न्या, अंग ओले करा आणि १०८ ला फोन करा. साप चावला तर चिरणे, चोखणे, घट्ट बांधणे, मंत्र-तंत्र यांत एक क्षणही घालवू नका. चावलेला भाग हलू न देता तडक रुग्णालय गाठा.

समुद्र पावसाळ्यात नद्यांनी फुगत नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही, असे अवधूत सांगतो. शिखर गाठले तरी न फुगणे आणि राहून गेले तरी न खचणे, ही परीक्षा माघारी फिरताना होते.

शिखरावर

रेणुकामातेची कथा या भागात सर्वांना माहीत आहे. सहस्रार्जुनाकडून पित्याचा, जमदग्नींचा, वध झाल्यावर परशुराम कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह आणि दुसऱ्यात मातेला घेऊन रानोमाळ फिरला. इथे दत्तात्रेयांनी पौरोहित्य केले, अंत्यसंस्कार झाले आणि रेणुकामाता सती गेली. शोक अनावर झालेल्या परशुरामाला आकाशवाणी झाली, की माता दर्शन देईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याने घाईने पाहिले, तेव्हा मुखापुरतीच माता प्रकट झाली होती. म्हणून इथे मुखाची पूजा होते.

दर्शनानंतर गर्दीपासून जरा बाजूला बसून ही कथा आठवा. आपल्यातला प्रत्येक जण कसली ना कसली कावड खांद्यावर घेऊन फिरत असतो. कुठे तरी ती उतरवावी लागते, आणि एकट्याला उतरवता येत नसेल तर वडीलधाऱ्याची, गुरूची, जाणत्या मित्राची मदत घ्यावी लागते. परशुरामासारख्या वीरालाही दत्तात्रेयांची मदत लागली. शोकाची घाई करू नये, हेही यात आहे. ज्यांनी अलीकडे जवळचे कोणी गमावले आहे, त्यांनी इथे मोकळेपणी रडावे. फोटो नंतर काढता येतात. खिशातला कागद उघडा, प्रश्न पुन्हा वाचा आणि काही सुचले असेल तर त्याखाली लिहा. सुचले नसेल तर कागद तसाच घडी करून ठेवा.

उतरताना

चढून झाले की माणूस सैल पडतो. पाय थकलेले, मन घरी पोहोचलेले, अशा वेळीच घसरायला होते. उतरताना गुडघे किंचित वाकवून लहान पावले टाका. हातात काठी ठेवा. पळत उतरू नका. यशानंतरचा काळ जपून काढावा लागतो, हे निवडून आलेल्यालाही लागू आहे आणि पीक चांगले आलेल्यालाही.

उतरतानाच कचरा गोळा करा. आपला तर आणाच, शिवाय वाटेत दिसलेल्या चार बाटल्या, चार पुड्याही उचला. वनखात्याच्या सूचना पाळा, रानात विस्तव करू नका. या परिसरात गोंड, कोलाम, आंध, बंजारा समाजाची वस्ती आहे. त्यांच्याकडून सीताफळे घ्या किंवा चहा प्या, पण घासाघीस करू नका. वाट विचारताना आधी नमस्कार करा.

घरी आल्यावर

दुसऱ्या दिवशी पाय दुखत असतानाच वहीत तीन ओळी लिहा. मी कोठे चिडलो किंवा चिडले? कोणी मला मदत केली? कोणत्या क्षणी मन शांत होते? मग एकच गोष्ट निवडा आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंत पाळा. रोज अर्धा तास मौन, जेवणापूर्वी कोणताही वाद नाही, घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाचे एक काम आपण करायचे, यांपैकी कोणतीही चालेल. एकाच वेळी चार नेम धरू नका, ते टिकत नाहीत. महिनाभराने वही पुन्हा उघडा आणि बदल झाला की नाही, हे घरच्यांना विचारा. त्यांचे उत्तर खरे मानायचे.

चोवीस गुरूंच्या यादीत पर्वताचे वेगळे नाव नाही. पृथ्वीबद्दल बोलताना भागवत पर्वताची आणि झाडाची आठवण काढते आणि सांगते, की त्यांचे सारे असणे इतरांसाठी असते. डोंगर पाणी धरून ठेवतो आणि खालच्या गावांना देतो, सावली देतो, लाकूडफाटा देतो, आणि स्वतःसाठी काही ठेवत नाही. त्यामुळे तुम्ही किती उंच चढलात, किती वेळात चढलात, याला फार किंमत देऊ नका. माहूरहून परतल्यावर तुमच्या घरातल्या आणि शेजारच्या माणसांचा भार थोडा तरी हलका झाला असेल, तर डोंगर तुम्हाला कळला. या हिवाळ्यात जाऊन या, एकच धडा घेऊन या, आणि तो मनापासून पाळा.